चेनसॉ घेताय? जरा थांबा



गळीत हंगाम तोंडावर आला की आमच्या गट ऑफिसात दोन तऱ्हेची माणसे येतात. पहिली, "साहेब, आमच्या उसाला तोड कधी?" म्हणून विचारणारी. दुसरी, "पाणंदीवर बाभळी आडव्या आल्यात, डबल ट्रॉली जात नाही म्हणतोय ड्रायव्हर" असे सांगणारी. पहिल्यांचे उत्तर लागण नोंदीच्या वहीत असते. दुसऱ्यांनी आपले उत्तर बाजारात शोधले आहे. कुऱ्हाड घेऊन दोन माणसांनी दिवसभर करायचे काम तासाभरात उरकणारी चेनसॉ, म्हणजे आपण ज्याला लाकूड कापायचे मशीन म्हणतो, ते आता गावोगाव दिसू लागले आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पाणंद मोकळी असली की ऊस वेळेवर येतो, वाळून वजन घटत नाही आणि ड्रायव्हरची कुरकुरही ऐकावी लागत नाही.

तक्रार आहे ती वेगळी. मागच्या दिवाळीनंतर एक सभासद खताच्या रिकाम्या पोत्यात काहीतरी घालून आले आणि पोते आमच्या टेबलाशेजारी उपडे केले. आतून त्यांची चेनसॉ निघाली, चार तुकड्यांत. "दोन हंगाम बी न्हाई झालं साहेब." मशीन सहा-सात हजारांचे. अंगावर मोठ्या अक्षरात '५८ सीसी'. ज्या दोन बोल्टवर बार बसतो ते बोल्ट प्लॅस्टिकच्या अंगातून आट्यासकट उपटून आले होते. ऑईल पंपाचे दाते झिजून गुळगुळीत झाले होते. पार्ट घ्यायला गेले तर दुकानदार म्हणाला, "हे मॉडेल आता येत नाही, नवीनच घ्या." म्हणून ते नवीन कोणते घ्यावे हे विचारायला आमच्याकडे आले होते.

आता खरी गोष्ट सांगतो. पहिले मशीन घेण्याआधीही ते आम्हाला विचारूनच गेले होते. त्या वेळी आम्ही म्हटले होते, "वर्षातून चार दिवसांचे काम. कशाला जास्त पैसे घालता?" तेव्हा हा लेख म्हणजे आमच्याच सल्ल्याची दुरुस्ती समजावी.

सीसी बघून फसू नका

आपण ट्रॅक्टर घेताना हॉर्सपॉवर विचारतो, बैल घेताना दात बघतो. चेनसॉ घेताना मात्र सगळे एकच विचारतात, "किती सीसीचं हाय?" दुकानदारालाही हे माहीत झाले आहे. म्हणून स्वस्त मशिनीवर सीसीचा आकडा ठळक छापलेला असतो.

हा आकडा तपासायला इंजिनियर लागत नाही. माहितीपत्रकावर सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव दिलेली असते. व्यास गुणिले व्यास, गुणिले ०.७८५, गुणिले धाव, सगळे सेंटिमीटरमध्ये. असल्याच एका '५८' मशिनीच्या कागदावर व्यास ४५.२ मिलिमीटर आणि धाव ३४ मिलिमीटर लिहिलेली आम्ही पाहिली. गणित केले तर उत्तर साडेचोपन्न सीसी येते. म्हणजे अंगावर एक आणि पोटात एक. साडेतीन सीसीने झाड पडायचे राहते असे नाही. पण जो कागदावरचा आकडा फुगवतो तो न दिसणाऱ्या बेअरिंगमध्ये काय करत असेल, हा प्रश्न पडतो.

बरे, आकडा खरा असला तरी सीसी म्हणजे ताकद नव्हे. स्वीडनच्या हस्कवर्ना कंपनीचीच दोन मशिने घेऊ. '४५५ रॅन्चर' हे ५५.५ सीसीचे, वजन बार-चेन सोडून ५.८ किलो, ताकद २.६ किलोवॅट. '५५० एक्सपी'चे नवे मॉडेल ५०.१ सीसीचे, वजन ५.३ किलो, ताकद ३ किलोवॅट. लहान सीसीचे मशीन अर्धा किलो हलके आणि तरी जास्त ताकदीचे! जर्मनीच्या स्टिल कंपनीचेही तसेच (हे कंपनीचे नाव आहे, पोलाद नव्हे). त्यांचे 'एमएस २५०' ४५.४ सीसी, ४.६ किलो, २.३ किलोवॅट, आणि 'एमएस २६१' ५०.२ सीसी, ४.९ किलो, ३ किलोवॅट. पाव-अर्ध्या किलोच्या फरकात ताकद जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने वाढली. दोन्ही कंपन्या नावाजलेल्या, दोघींची मशिने चांगली. मग किंमत दुपटीकडे का जाते? कारण एक मशीन घरगुती व शेतीकामाच्या वर्गातले आहे आणि दुसरे रोज जंगलात राबणाऱ्याच्या वर्गातले. हा वर्ग सीसीवर ठरत नाही, तो अंगावर ठरतो.

अंग कशाचे आहे?

रसवंतीचा चरक सगळ्यांनी पाहिला आहे. लाटा कितीही चांगल्या असोत, त्या ज्या चौकटीत बसवल्या ती चौकट दबली की लाटा तिरक्या होतात, रस कमी निघतो आणि बेअरिंग खातात. चेनसॉचेही तेच. मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेणारा क्रँक ज्या पेटीत फिरतो, ती पेटी म्हणजे मशिनीचा पाया.

ही पेटी दोन तऱ्हेची असते. रोजच्या कामाच्या मशिनीत, उदाहरणार्थ वरच्या २६१ मध्ये किंवा ५५० एक्सपी मध्ये, ती मॅग्नेशियम मिश्रधातूची असते. उभे दोन भाग, त्यात बेअरिंग घट्ट दाबून बसवलेले, आणि बार, ऑईल पंप, क्लच असे सगळे त्याच धातूच्या अंगावर आवळलेले. हलक्या मशिनीत इंजिन एखाद्या डब्यासारखे असते: वर सिलिंडर, खाली झाकण, मध्ये बेअरिंग धरलेले, आणि हा सगळा डबा प्लॅस्टिकच्या अंगात बोल्टने बसवलेला. एमएस २५० याच पद्धतीचे आहे. म्हणून ते वाईट का? मुळीच नाही. प्लॅस्टिकमध्येही प्रती असतात, आणि बेताने वापरणाऱ्याकडे असे मशीन वर्षानुवर्षे चालते. पण तापलेल्या मशिनीला दिवसभर रेटले, बार लाकडात अडकला म्हणून मशिनीलाच पहारीसारखा हिसका दिला, तर धातूचे अंग जे सोसते ते प्लॅस्टिकचे सोसत नाही. आणि स्वस्त नकलेत तर प्लॅस्टिकही हलके, बोल्टही हलके. पोत्यातल्या मशिनीचे बोल्ट उपटले ते असेच.

दुकानात गेल्यावर रंग आणि स्टिकर बघण्याऐवजी सभासदांनी थोडा वेळ खर्च करावा. बार व चेनवरचे झाकण उघडायला लावावे. बारचे बोल्ट धातूत रुतलेत की प्लॅस्टिकमध्ये, ते बघावे. चेन ताणायचा स्क्रू बाजूने सहज फिरतो का ते बघावे. तो बारच्या मागे अडचणीत असला तर माणूस चेन ताणायचा कंटाळा करतो आणि ढिली चेन बारचे खोबण खाते. चेनचे तेल कमी-जास्त करता येते का ते विचारावे. एअर फिल्टर हत्याराशिवाय निघतो का आणि झाकण घट्ट बसते का ते बघावे, कारण भुसा आणि आपल्या काळ्या रानाची धूळ एकदा आत गेली की सिलिंडरला पॉलिश पेपर लावल्यासारखे होते. मूठ धरून मशीन हलवून बघावे. मूठ आणि इंजिन यांच्यामध्ये स्प्रिंग किंवा चांगले रबर असेल तर हादरा हाताला कमी येतो. दोन तास मशीन चालवून संध्याकाळी भाकरीचा घास धरताना बोटे बधिर वाटतात ना, ते या हादऱ्यामुळे. वर्षानुवर्षे तसेच चालवले तर बोटे थंडीत पांढरी पडण्याचा आजार जडतो.

शेवटचा आणि आमच्या मते सर्वांत मोठा प्रश्न: "याची चेन, क्लच, ऑईल पंप आणि स्टार्टरची दोरी तुमच्याकडे आज आहे का? काढून दाखवा." 'मागवून देतो' हे उत्तर म्हणजे 'नाही' समजावे. तोड सुरू असताना मागवलेला पार्ट ट्रॉली थांबवून ठेवतो. इथे महागड्या मशिनीचीही एक अडचण सांगणे भाग आहे. काही नव्या मशिनींत कार्बोरेटर स्वतःच हवा-पेट्रोलचे प्रमाण ठरवतो. चालते तेव्हा फार छान. पण बिघडले तर ते तपासायला कंपनीचे यंत्र लागते, आपला नाक्यावरचा मिस्त्री पान्हा घेऊन नुसता बघत बसतो. मशीन जितके शहाणे, तितका मिस्त्री शहाणा लागतो. तालुक्यात तसा मिस्त्री नसेल तर साध्या स्क्रूचा कार्बोरेटर आपल्याला बरा.

आपले लाकूड आणि आपले पेट्रोल

ही मशिने थंड मुलखात, पाइनच्या मऊ लाकडासाठी वाढली. स्टिलचे गाजलेले 'कॉन्ट्रा' आणि हस्कवर्नाचे पहिले मशीन ही दोन्ही १९५९ सालची. आणि आजच्या चेनचा दाता ज्यावरून आला ती गोष्ट तर ऊसवाल्यांनी मुद्दाम ऐकावी. अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. १९४६ साली ओंडक्यात शिरलेली एक अळी लाकूड कसे कुरतडते हे तो निरखून बघत बसला. अळीचे जबडे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे चालत. त्याने तसेच दाते पोलादात केले, एक डावा, एक उजवा, आणि १९४७ मध्ये चेनचा धंदा सुरू केला. आपण खोडकिडा आणि हुमणीला शिव्या देतो. त्याने अळीला गुरू केले!

पण आपले लाकूड पाइन नव्हे. वाळलेली बाभूळ मशिनीचा घाम काढते. नदीकाठच्या गटांत आणखी एक त्रास आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत जी झाडे पाण्याखाली होती त्यांच्या सालीत गाळ-वाळू बसली. अशी साल कुऱ्हाडीने खरवडून मगच मशीन लावावे, नाहीतर पहिल्याच कापात धार जाते. बांधावरच्या जुन्या बाभळीच्या पोटात कुंपणाची तार आणि खिळे असतात, तेही आधी बघून घ्यावेत. बार लांब असला की मशीन जोरदार दिसते म्हणून बावीस इंची बारची हौस असते. पन्नास सीसीच्या आसपासच्या मशिनीला सोळा ते अठरा इंची बार पुरतो. आखूड बारने दोन्ही बाजूंनी कापून जाडजूड खोडही पडते, चेनही टिकते आणि इंजिनवर ताणही येत नाही.

धारेची खूण सोपी. मशिनीतून कीस आणि बारीक ढलप्या पडल्या तर धार आहे. पिठासारखा भुसा पडू लागला तर थांबावे आणि गोल कानस घ्यावी. ०.३२५ इंच पिचच्या चेनला ४.८ मिलिमीटरची कानस लागते. तीस अंशांचा कोन, प्रत्येक दात्याला सारखेच घास. बोथट चेनने रेटून कापणारा माणूस मशीनही मारतो आणि स्वतःची कंबरही.

आता पेट्रोल. हा विषय आपल्या अंकात काढणे थोडे अवघड आहे, कारण इथेनॉल हा आपल्या उसाच्या भावाचा आधार आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले, त्यात साखर कारखान्यांचा मोठा वाटा आहे आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. रोज चालणाऱ्या गाडीत पेट्रोल साठून राहत नाही. चेनसॉ मात्र पाणंद साफ झाली की माळ्यावर जाते आणि आठ महिने तिथेच राहते. टाकीत पेट्रोल तसेच असेल तर पाणी खाली बसते, जुन्या रबरी नळ्या फुगतात, कार्बोरेटरच्या बारीक भोकांत चिकटा धरतो. पुढच्या वर्षी दोरी ओढून ओढून खांदा दुखतो आणि आपण कंपनीला बोल लावतो. उपाय साधा आहे. काम संपले की टाकी रिकामी करावी, मशीन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, मगच ठेवावे. मिश्रण लागेल तेवढेच ताजे करावे. आणि विकत घेतानाच, आपल्या मशिनीला किती टक्के इथेनॉल चालते ते तिच्या पुस्तकात वाचून घ्यावे. पुष्कळ जुन्या मशिनींच्या पुस्तकात दहा टक्क्यांपर्यंतचीच परवानगी आहे. आपल्याच उसाने आपलेच मशीन बंद पाडू नये.

मिश्रणाच्या तेलाचेही सांगून टाकतो. पुस्तकात ५० ला १ लिहिले असेल तर लिटरला २० मिलिलिटर टू-टी तेल. २५ ला १ असेल तर ४० मिलिलिटर. अंदाजे 'एक झाकण' नव्हे. या इंजिनाला वेगळे ऑईल नसते, पेट्रोलमधून जाते तेवढेच. नुसत्या पेट्रोलवर चालवले तर पाच-दहा मिनिटांत पिस्टन धरतो, मग मशीन सात हजारांचे असो की पन्नास हजारांचे. आणि चेनच्या टाकीत ट्रॅक्टरचे काढलेले जळके ऑईल घालू नये. त्यातला कचरा पहिल्यांदा पंप खातो, मग बार.

आम्ही पाहिले होते

टिकाऊपणाचा हिशोब करताना आपण मशिनीचा करतो. माणसाचाही त्यातच धरावा, हे आम्ही एका घटनेवरून शिकलो.

आमच्याच गटातले एक सभासद. त्यांच्या मशिनीचे पुढचे हँडगार्ड तुटले होते. ते नुसते हाताचे संरक्षण नव्हे, तोच ब्रेकचा दांडा असतो. बारच्या टोकाचा वरचा भाग दुसऱ्या फांदीला टेकला की मशीन क्षणात उसळून तोंडाकडे येते. त्या वेळी हे गार्ड मनगटावर आदळते किंवा झटक्यानेच पुढे जाते आणि क्लचच्या भोवतीची पोलादी पट्टी चेन जागच्या जागी थांबवते. चेन सेकंदाला सुमारे वीस मीटर धावत असते. माणसाचा हात तिच्यापुढे काहीच नाही. यांच्या मशिनीचा पार्ट मिळेना, म्हणून मिस्त्रीने ब्रेकची पट्टीही काढून टाकली आणि "हे मधे मधेच येतं, याच्याशिवाय चालतंय" असे सांगितले. आणि चालतही होते. तीन दिवसांनी बांधावरची सुबाभूळ कापताना बारचे टोक आतल्या फांदीला लागले. डाव्या खांद्याखाली घाव बसला. त्या वर्षी त्यांची आडसाली लागण भावकीने करून दिली. आजही डाव्या हाताने त्यांना पाण्याची घागर उचलत नाही.

हे आम्ही का लिहितो? तर त्या तीन दिवसांत एकदा आम्ही त्यांच्या रानात गेलो होतो. लागणीचे रान बघायला. मशीन बांधावर ठेवलेले होते, गार्डविना. आम्ही ते पाहिले. बेण्याबद्दल बोललो, सरीच्या अंतराबद्दल बोललो, चहा घेतला आणि निघालो. मशीन हा आपल्या खात्याचा विषय नाही, असे मनात आले असावे. पुढे दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा ते आम्हाला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. ज्या मशिनीचा ब्रेक चालत नाही ते मशीन बंद पडलेलेच समजावे, मग इंजिन कितीही गरजत असो. रोज काम सुरू करताना मशीन जमिनीवर ठेवून सुरू करावे, रेस द्यावी आणि डाव्या मनगटाने गार्ड पुढे ढकलावे. चेन जागीच थांबली पाहिजे. नाही थांबली तर झाड उद्या पडेल, काही बिघडत नाही. खांद्याच्या वर मशीन उचलून कापू नये, बारच्या टोकाने कापू नये, आणि झाडावर चढून एका हाताने तर कधीच नाही.

सहा घरे, एक मशीन

आता पोतेवाल्या सभासदांचा प्रश्न: कोणते घेऊ?

हिशोबासाठी काही आकडे धरून चालू. समजा, स्वस्त मशीन सात हजारांचे आणि शंभर तास टिकते. तासाला सत्तर रुपये पडले. समजा, धातूच्या अंगाचे पक्के मशीन बेचाळीस हजारांचे आणि नीट ठेवल्यास बाराशे तास टिकते. तासाला पस्तीस. म्हणजे महाग तेच निम्म्या दरात पडले. पण थांबा. एका घराचे काम वर्षाला वीस तासांचे. बाराशे तास संपायला साठ वर्षे लागतील! नातवासाठी चेनसॉ घेऊन ठेवण्यात काय अर्थ आहे? एकट्याने पक्के मशीन घेणे हे आम्हाला पटत नाही.

पण एकाच पाणंदीवर सहा घरे असतात. सहांनी सात-सात हजारांची सहा मशिने घेतली तर बेचाळीस हजारच जातात, आणि पाच वर्षांत सहा पोती भरतात. त्याच बेचाळीस हजारांत एक पक्के मशीन येते. सहा घरांचे मिळून वर्षाला एकशेवीस तास, म्हणजे दहा वर्षांचे काम. वापरणाऱ्याने तासाला पन्नास रुपये डब्यात टाकावेत. वर्षाला सहा हजार जमतात, त्यात चेन, कानस आणि सर्व्हिसिंग भागते. सहांपैकी एकाने, ज्याचा हात शांत आहे त्याने, ते चालवायला नीट शिकावे आणि इतरांचे कामही त्यानेच करावे.

यावर लगेच उत्तर येते, "साहेब, सामाईक मालाला धनी नसतो." खरे आहे. सामाईक विहिरीवरची भांडणे आम्हीही पाहिली आहेत. म्हणून वही ठेवावी. कोणी, कधी नेले, किती तास चालवले, आणताना चेनला धार होती का, ब्रेक चालत होता का, एवढेच लिहावे. मशीन एकाच घरी राहावे आणि मिश्रण एकाच माणसाने करावे. आपण पाळीपाळीने पाटाचे पाणी घेतो, पाळी चुकली तर भांडतो, पण पाट फोडत नाही. ही शिस्त आपल्याला नवी नाही. १९५० च्या सुमारास प्रवरेच्या काठी महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तोही असाच. कोणा एकाने मिल विकत घेतली नव्हती. प्रत्येकाच्या खिशात थोडे थोडे होते, आणि त्या थोड्याथोड्यात एकेकट्याला जे येत होते त्यावर कोणी समाधान मानले नाही.

ज्यांची वस्ती एकटी आहे, ज्यांना भागीदार मिळत नाही, त्यांनी नावाजलेल्या कंपनीचे पंचेचाळीस सीसीच्या आसपासचे शेतीवर्गातले मशीन घ्यावे, अंग प्लॅस्टिकचे असले तरी चालेल, पण पार्ट तालुक्यात मिळाले पाहिजेत. आणि ज्यांना वर्षातून दोनच दिवसांचे काम आहे त्यांनी काहीच घेऊ नये, मजुरी देऊन जाणत्याकडून करून घ्यावे. मशीन नसणे यात कमीपणा नाही.

एक शेवटचे. मशीन हाती आले की माणसाचे हात शिवशिवतात. पाणंदीवरची फांदी छाटायला गेलेला माणूस बांध बोडका करून येतो. आंबा, चिंच, जांभूळ, फणस, साग ही झाडे आपल्या मालकीची असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आणि कायदा बाजूला ठेवला तरी दुपारची भाकरी खायला सावली लागतेच.

पोतेवाले सभासद सध्या शेजारच्या पाच घरांशी बोलत आहेत. चार तयार आहेत, पाचवे अडून बसले आहेत, कारण मशीन कोणाच्या घरी ठेवायचे यावर एकमत नाही. ते ठरेपर्यंत पाणंद कुऱ्हाडीनेच साफ चालली आहे. आमच्याकडून एवढेच सांगणे, की येत्या हंगामापासून आमच्या खात्याचा माणूस लागण बघायला तुमच्या रानात आला आणि बांधावर गार्डविना मशीन दिसले, तर तो आधी मशिनीबद्दल बोलेल. ऊस नंतर बघू. चहाही नंतर.